मष्णू अण्णाची राहिलेली फेरी

१

थंडीच्या दिवसांत सडा टाकायला दार उघडलं की आमच्या गल्लीत आधी तंबाखूचा वास येतो. निपाणीच्या वरच्या अंगाला, हद्दीला टेकलेलं आमचं गाव. शेतात तंबाखू वाळत पडलेली असते, तिचा वास दवानं जड होऊन खाली उतरतो. आणि त्याच्या मागोमाग दुधाचा वास आला की समजायचं, मष्णू अण्णा आला.

त्याच्या सायकलची घंटी कधीच मोडली होती. दारात आला की तो किटलीच्या झाकणावर माप आपटायचा. टण्. एकदाच. दुसऱ्यांदा आपटावं लागलं तर ती बाई आळशी, असं त्याचं ठरलेलं. मी कधी दुसरी टण् ऐकून घेतली नाही. खरं म्हणजे पहिलीच्या आधीच मी दाराआड उभी असायची. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाच्या घरी चहा बंद झालाय, कुणाची सून माहेरी गेलीय, हे मला दुधाबरोबर मिळायचं.

"बाळाक्का, तुला पेपर कशाला पायजे गं," म्हणायचा, "तूच पेपर हैस."

किटल्या मागं कॅरियरला लटकवलेल्या. पुढचा दांडा पोरांसाठी मोकळा. टोचू नये म्हणून त्यानं दांड्याला गोणपाट गुंडाळून वरून सुतळी आवळली होती. गल्लीतली सगळी पोरं त्या गोणपाटावर बसून मोठी झाली. सगळ्यांत जास्त बसला तो नागेंद्र. आई लवकर गेलेली, बाप ट्रकवर. शाळेचं नाव काढलं की हे पोरगं आमच्या घरात येऊन कणगीमागं लपायचं. मग मष्णू अण्णा आत यायचा, मानगूट धरून उचलायचा आणि दांड्यावर ठेवायचा.

"चल रं नाग्या. सोडून येतो."

रडत निघायचं पोरगं. पण मारुतीच्या वळणापर्यंत गेलं की रडं विसरायचं. दोन्ही पाय एका अंगाला सोडून हलवत बसायचं आणि मोडक्या घंटीवर बोट मारून तोंडानंच ट्रिंग ट्रिंग करायचं. मी हातातली बादली तशीच धरून बघत राहायची. ते लोंबकळणारे दोन पाय मी कुठंही ओळखीन. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

२

हद्द कुठं आहे हे आमच्याकडं पाटी बघून कळत नाही, डांबर बघून कळतं. जुन्या रस्त्यावर एका ठिकाणी अलीकडचं आणि पलीकडचं डांबर जोडलंय. अलीकडं एक रंग, पलीकडं दुसरा. गाडीला तिथं बारीकसा धक्का बसतो. पोरं म्हणतात, "राज्य बदललं."

त्या जोडावर, पौषातल्या धुक्यात, पलीकडच्या मळ्यांतून दूध घेऊन येणाऱ्या मष्णू अण्णाला कुणीतरी उडवलं आणि तसंच निघून गेलं. सायकल अलीकडं पडली होती. अण्णा पलीकडं. दूध दोन्हीकडं.

डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जीव होता. कुणी उचललं असतं तर माणूस वाचला असता.

हे ऐकल्यापासून अंबूवैनी, म्हणजे त्याची बायको, दारातून हलली नाही. रडलीही नाही. उंबऱ्याला टेकून रस्त्याकडं बघत बसायची. मुलगी माधवी बेळगावला दवाखान्यात नर्स आहे, ती रजा काढून आली. बापासारखीच थोडक्यात बोलणारी.

"काकू, मला नाव पायजे," ती मला म्हणाली. "मी रोज दवाखान्यात परक्या माणसांच्या तोंडात पाणी घालते. माझ्या बापाला रस्त्यात टाकून कोण गेला, त्याचं तोंड मला एकदा बघायचंय."

"बघशील गं," मी म्हणाले. "माझ्या नजरंतनं गल्लीतली मांजर सुटत न्हाय, गाडी काय सुटंल?"

बोलून गेले खरी.

३

ठाण्यात आम्ही तिघं गेलो. माधवी, मी आणि नागेंद्र. नागेंद्र आता पलीकडं कागलच्या बाजूला कारखान्यात कामाला आहे, रात्रपाळी करून पहाटे गाडीनं घरी येतो. स्वतःची गाडी घेतली तेव्हा पहिला पेढा त्यानं मष्णू अण्णाला दिला होता. ठाण्यात बोलायला त्याच्यासारखं कन्नड गल्लीत कुणाला येत नाही. त्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणाला.

हवालदार चांगला माणूस होता. चहा मागवला. मग म्हणाला, "बघा आक्का, बॉडी तिकडं सापडली. मग हे नम्दल्ला री, आमचं न्हवंच. तिकडं जावा."

तिकडं गेलो. तिथले साहेब म्हणाले, "सायकल कुठं सापडली? तुमच्या अंगाला. मग धडक कुठं झाली? तुमच्याच अंगाला. आमच्या हद्दीत नुसता माणूस पडलाय."

"नुसता माणूस," माधवी म्हणाली.

"तसं न्हवं हो ताई..."

पुन्हा इकडं आलो. "सीसीटीव्ही तरी बघा," माधवी म्हणाली. "बघू," म्हणाले. "कॅमेरा टोलला हाय. जुन्या रस्त्याला कुठला?" सगळ्यांचं बोलणं गोड, आणि कागद कुणीच पुढं ओढत नव्हतं.

सायकल तेवढी ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाला साखळीनं बांधून ठेवली होती. मी जवळ जाऊन बघितली. पुढच्या चाकाचा पार आठ झालेला. ढकललं तर निम्मं फिरलं आणि चिमट्याला घासलं. खर्र. सोडलं. दांड्यावरचं गोणपाट तसंच होतं.

"बघ रं नाग्या, तुझं आसन," मी म्हणाले.

तो वळला नाही. सायकलीकडं पाठ करून रस्त्यावरची वाहनं बघत उभा होता. मला वाटलं, पोराला सहन होत नाहीये.

४

आमच्याकडं दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी पीठ ठेवतात. माणसाला शेवटचं जिथं निजवलं होतं त्या जागी परातीत जोंधळ्याचं पीठ चाळून सपाट पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि वर बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, पालथी घालायची. सकाळी बुट्टी उचलून बघायचं, पिठावर काय उमटलंय. पाखराचा पाय दिसला तर पाखराचा जन्म, खूर दिसला तर गुराचा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी चिमणीचा पाय दिसला होता. खरं सांगायचं तर तिथं झुरळही येऊन गेलेलं असू शकतं. पण त्या दिवसापासून सासूबाई चिमण्यांना तांदूळ टाकायच्या, आणि त्यांना बरं वाटायचं. एवढंच त्या पिठाचं काम, असं मी समजत होते.

सकाळी सगळ्या जमलो. शेजारच्या यल्लाप्पाच्या म्हातारीनं बुट्टी उचलली. ती नव्वदीला टेकलेली, गल्लीतल्या प्रत्येक मढ्याचं पीठ तिनंच बघितलेलं.

पिठावर पाय नव्हता, खूर नव्हता.

परातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ होती. बोटभर रुंद. तिच्यात बारीक बारीक नक्षी, जशी टायरची असते. आणि रेघ सरळ नव्हती. डावीकडं झुकत, उजवीकडं झुकत गेलेली.

"कुठल्या कार्ट्यानं बोट फिरवलं गं?" कुणीतरी म्हणालं.

मी खाली बसून बघितलं. बोटानं नक्षी उमटत नाही. आणि बुट्टीवर अंबूवैनीनं पाटा ठेवला होता, तो आमच्यासमोरच दोघींनी मिळून खाली घेतला होता.

म्हातारीनं बुट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ह्यो अजून गेला न्हाय. दूध घालायचं ऱ्हायलंय त्येचं. फेरी ऱ्हायलीय."

अंबूवैनी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. माधवीनं परात उचलून आत नेली. ती शिकलेली पोरगी, हसून टाकील असं मला वाटलं होतं. पण तिनं ते पीठ हलू न देता, दोन्ही हातांनी, भरल्या ताटासारखं नेलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकून रांगोळी काढली आणि निळा रंग आणायला आत गेले. परत आले तर रांगोळीवरून रेघ गेलेली.

वळणावळणाची. माझ्या दाराशी येऊन थोडी खोल झालेली, जशी सायकल थांबवून तिच्यावर भार दिला की होते. पुढं पुन्हा उथळ.

मी मनाला समजावलं. गल्लीत सायकली काय कमी आहेत? कुणाचं तरी चाक आउट असेल. पण ओल्या सड्यावर पाऊल कुठं होतं? सायकल ढकलत नेली तर माणसाचं पाऊल उठतं. बसून नेली तरी दारात थांबल्यावर एक पाय टेकावाच लागतो. मष्णू अण्णाचा डावा पाय माझ्या पायरीच्या दगडावर टेकायचा, तिथं दगड गुळगुळीत झालाय.

मी रेघेमागं गेले. आता मला बघायची सवयच आहे, कुणी काही विचारलं नाही. अंबूवैनीच्या दारापासून ती निघाली होती. यल्लाप्पाचं दार, मग माझं. माझ्यानंतरच्या दारापाशी जाऊन संपली होती. वळली नव्हती, पुसली नव्हती. नुसती संपली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या दारापर्यंत गेली. रोज एक दार पुढं. अण्णा ज्या क्रमानं दूध घालायचा त्याच क्रमानं. भरमाच्या घरी तो पाचवं दूध घालायचा, तिथं मधे गल्ली ओलांडून जावं लागतं. रेघ तिथं ओलांडून गेली.

त्या दिवसांत आवाज मी एकदाच ऐकला. दाराच्या अलीकडं उभी होते, बाहेर धुकं. खर्र... मग काही नाही... खर्र. निम्मं फिरणारं चाक. माझा हात कडीवर होता. इतकी वर्षं मी अण्णानं वाजवायच्या आधी दार उघडलं, आणि त्या दिवशी उघडवेना. मग टण्.

एकदाच वाजलं. मी उघडलं नाही. डोळे मिटून दुसरीची वाट बघत राहिले. दुसरी वाजली नाही. अण्णानं मला आळशी म्हटलं नाही, एवढंच मनात आलं, आणि रडू फुटलं.

गल्लीतल्या बाया यावर एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण सगळ्यांनी रांगोळी काढायची सोडली होती. नुसता सडा. माझी एकटीची रांगोळी राहिली. मला कळायला नको का, कुठवर आला ते?

आणि मग एके दिवशी मोजून झालं. अण्णाची फेरी जिथं संपायची ते एकच दार उरलं होतं. गल्लीच्या टोकाचं. नागेंद्रचं.

६

संध्याकाळी मी त्याच्याकडं झुणका-भाकर घेऊन गेले. अंगणात गाडी आली होती, वर ताडपत्री. वाऱ्यानं एक कोपरा उडाला होता. दोन दिव्यांतला एक दिवा जुना, पिवळट. दुसरा कोरा करकरीत. मी बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं असंही वाटलं. हा पोरगा माझ्या हातचं जेवून वाढलाय.

तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले. पुढं फरशीवर एक रिकामं पातेलं.

"पातेलं कशाला रं काढलंयस?"

"असंच."

मी भाकरी वाढली. त्यानं तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"काकू, अण्णा कधी दोनदा वाजवायचा काय?"

"दार उघडलं न्हाय तरच."

"शेजारच्या दारात आज दोनदा वाजलं. इथनं ऐकू येतंय. उद्या माझं दार हाय."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मी उठून तो आवळला. मागं न बघताच विचारलं, "गाडीचा दिवा कसा फुटला, नाग्या?"

 मग लहानपणी कणगीमागनं यायचा तसला आवाज आला. "डोळा लागला हुता काकू. सलग पाळ्या केल्या हुत्या. धडकलं तवा जागा झालो. आरशात बघितलं तर किटली रस्त्यात गोल गोल फिरत हुती."

"आणि तू गेलास," मी वळून म्हणाले.

त्यानं मान हलवली. व्हय का न्हाय, कळलं नाही.

"माधवीला नाव पायजे," मी म्हणाले. "ती तुला राखी बांधती रं. तिच्याबरोबर ठाण्यात येऊन उभा राहिलास, आणि..." मी पदर खोचला. "जा. तुझ्या तू जाऊन सांग. दारात यायच्या आत जा."

"सकाळी जातो."

"शाळेला पण असंच म्हणायचास. उद्या जातो, उद्या जातो."

तो थोडासा हसला. "तुम्ही येशीला काय संगं?"

"येते. सडा टाकला की येते."

परतताना अंबूवैनीच्या दाराशी थांबले. आत माधवी आईचे केस विंचरत होती. कडी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. म्हटलं, पोरगं स्वतःच्या तोंडानं सांगू दे. एक सकाळ, एवढाच प्रश्न.

७

त्या सकाळी धुकं असं होतं की माझी पायरी मला दिसत नव्हती. मी सडा टाकायच्या आधीच निघाले. रेघ माझ्या आधी गेलेली होती. दारादारांतून, उथळ, झुकत झुकत. ती नागेंद्रच्या फाटकातून आत गेली, पायरी चढली आणि उघड्या दारातून घरात.

आतून आवाज आला. दूध पातेल्यात पडतं तो. आधी पातळ, मग भरत जाईल तसा जाड. हा आवाज मी जन्मभर ऐकलाय, त्यात माझी चूक होणार नाही.

मी हाक मारली नाही.  फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिले.

मग खर्र.

दारातून काहीतरी बाहेर आलं आणि माझ्यासमोरून गेलं. माझा चष्मा दवानं भरला होता, हे मी आधीच सांगते. मी तो पदरानं पुसला, आणि पुसेपर्यंत ते वळणाला पोचलं होतं. सायकल मला दिसली नाही. सायकल चालवणारा दिसला नाही. धुक्यात, जमिनीपासून वर, दोन पाय दिसले. मोठ्या माणसाचे, पॅंट घातलेले, अनवाणी. एका अंगाला सोडलेले, टेकू नयेत म्हणून जरा वर घेतलेले, हलत हलत चाललेले.

आणि मारुतीच्या वळणावर, तोंडानं केलेलं, ट्रिंग ट्रिंग.

खाली बघितलं. आत जाताना उथळ असलेली रेघ बाहेर येताना खोल होती. दांड्यावर कुणी बसलं की होते तेवढी.

८

मी माधवीला उठवलं. दोघी रेघेमागं चालत गेलो. तिनं मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. गावाबाहेर डांबर लागलं तिथं रेघ दिसेनाशी झाली, पण ती ठाण्याकडं वळलेली होती, कुठं जायचं ते आम्हाला समजलं होतं.

ठाण्याच्या आवारात लिंबाखाली, साखळीनं बांधलेल्या सायकलीला टेकून नागेंद्र बसला होता. हवालदार बाहेर येऊन उभा. त्याचा चेहरा उतरलेला.

"फाटक उघडलं तर हा आत बसलेला. कसा आला विचारलं तर म्हणतो, अण्णानं सोडलं," हवालदार म्हणाला. मग माधवीकडं बघून आवाज खाली आणला. "सगळं सांगितलंय त्यानं, ताई. तो थांबला हुता त्या दिवशी. उतरला हुता. तुमचे वडील पडले ते अलीकडंच. ह्यानं त्यांना बगलंत धरून जोडाच्या पलीकडं ओढत नेलं. म्हणजे कुणाच्याच हद्दीत बसू नये. आता हे नम्दे री. आमचंच."

माधवी सरळ नागेंद्रसमोर जाऊन बसली. जे तोंड तिला बघायचं होतं ते तिच्यासमोर होतं.

"शुद्धीवर हुते?" तिनं विचारलं.

"व्हय."

"काय म्हणाले?"

त्यानं वर बघितलं. ओठावर दुधाची पांढरी कड वाळलेली, लहान पोरांच्या असते तशी.

"म्हणाले, नाग्या, मला घरी सोड रं."

माधवी उठली नाही.  तिनं एवढंच म्हटलं, "मला नाव पायजे हुतं. हे न्हवतं पायजे." आणि त्याच्या ओठावरची कड ओढणीच्या टोकानं पुसून काढली. का, ते तिलाच ठाऊक.

मी खाली बघत होते. कुठंतरी बघायला पाहिजे म्हणून. सायकलीचं कुलूप लागलेलं होतं, साखळीवर गंज. वाकड्या चाकाच्या नक्षीत माझ्या रांगोळीचा निळा रंग भरलेला. माझे आणि माधवीचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, डांबर सोडून दवानं भिजलेल्या काळ्या रानातल्या जवळच्या वाटेनं आलो होतो ना.

नागेंद्रनं पाय पुढं पसरले होते. अनवाणी. घरापासून ठाण्यापर्यंत आलेले.

तळव्यांना धूळसुद्धा नव्हती.